दोन ओळींची कुंडली

(अमरावतीच्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



मला सांगण्यात आलं की विज्ञानावर बोला. मी म्हटलं, विज्ञानावर बोलणारे पुष्कळ आहेत. शाल-श्रीफळ घेतात, विज्ञानाचा जयजयकार करतात, अन् घरी जाऊन पोराच्या लग्नाचा मुहूर्त काढतात. मी विज्ञानावर बोलत नाही. मी एका भंगारावर बोलतो. हे भंगार आभाळात आहे, म्हातारं आहे, लांबट वाटेनं फिरतं आहे आणि तुमच्या-माझ्या डोक्यावरून जातं आहे. त्याचा माग कसा काढायचा आणि तो आपणच का काढायचा, एवढाच माझा विषय.

२ एप्रिल २०२२ची संध्याकाळ आठवा. शनिवार होता, गुढीपाडवा होता. सकाळी पंचांग उघडून वर्षफल वाचून झालं होतं. पाऊस किती, धान्य किती, वर्षाचा राजा कोण ग्रह, मंत्री कोण ग्रह. सगळा कारभार ठरला होता. आणि संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला आभाळातून एक जळती वरात निघाली. एक ठिणगी नाही, एकामागं एक तुकडे, पेटलेल्या शेपट्या घेऊन, रांगेत, सावकाश. खानदेशानं पाह्यलं, बुलडाण्यानं पाह्यलं, अकोल्यानं पाह्यलं, अमरावतीनं पाह्यलं. गच्चीवर, चौकात, वावराच्या धुऱ्यावर माणसं मान वर करून उभी. "काहो बाप्पा, हे काय पडून राह्यलं?" कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे इमान पेटलं, कोणी म्हणे मिसाईल. आणि ज्याचं पोट लोकांच्या भीतीवर चालतं तो म्हणाला, अपशकुन.

त्या रात्री खबर आली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाशी धातूचं एक कडं पडलं. व्यास सुमारे तीन मीटर. बैलगाडीचं चाक आडवं टाका, त्याच्या दुप्पट. आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. पोलीस आले, मग इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. माणूस मेला नाही, घर पडलं नाही.

आता ऐका. जॉनथन मॅक्डॉवेल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ आहे. आभाळात गेलेल्या प्रत्येक वस्तूची तो खतावणी ठेवतो, एखादा मारवाडी ठेवील तशी चोख. त्यानं लगेच सांगितलं की हा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, अनुक्रमांक वाय-७७, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. आणि तो येत्या तासाभरात खाली येईल असा अंदाज होताच. त्या टप्प्याची जाडीही तीन मीटर. कडं जुळलं.

म्हणजे हजारो मैलांवरच्या माणसाला ठाऊक होतं की तासाभरात काहीतरी खाली येतं आहे. आणि ज्याच्या शिवारात ते आलं त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या तालुक्याच्या कचेरीला ठाऊक असेल तर तिनं दवंडी दिल्याचं कोणी मला सांगितलं नाही. त्याला सकाळी वर्षाचा राजा कोण ते मात्र सांगितलं गेलं होतं.

माझी जी काही चीड आहे ती इथली आहे. आता गणिताकडं येतो.

दोन खिळे घ्या, एक दोरीचा फास घ्या, एक खडू घ्या. खिळे फळीवर थोड्या अंतरानं ठोका, फास दोन्ही खिळ्यांभोवती टाका, खडूनं दोरी ताणून फिरवा. जो आकार निघतो तो लंबवर्तुळ. केप्लरनं १६०९ साली सांगितलं की मंगळ असाच फिरतो आणि सूर्य मध्यावर नसतो, एका खिळ्यापाशी असतो. आपल्या भंगाराच्या बाबतीत त्या खिळ्यापाशी पृथ्वी. दुसऱ्या खिळ्यापाशी काय? काहीच नाही. देव नाही, राहू नाही, केतू नाही. नुसती पोकळी. (ह्या केप्लरच्या म्हाताऱ्या आईला चेटकीण ठरवून तुरुंगात टाकलं होतं, साखळीनं बांधलं होतं. पोरानं वर्षानुवर्षं खटला लढवून १६२१ साली तिला सोडवलं. ग्रहांचे नियम शोधणाऱ्याच्या घरातसुद्धा हे घुसलं होतं, म्हणून सांगितलं.)

त्याचा दुसरा नियम असा की पृथ्वीजवळ आलं की वस्तू सुसाट पळते आणि दूर गेली की रेंगाळते. दूरच्या आभाळात उपग्रह पोचवून झाल्यावर जो रिकामा टप्पा मागं राहतो, त्याची वाट भयंकर लांबट असते. एक टोक जमिनीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, दुसरं टोक छत्तीस हजार किलोमीटरच्या आसपास. जवळच्या टोकाला तो सेकंदाला दहा किलोमीटर पळतो, दूरच्या टोकाला जेमतेम दीड. एका फेरीला दहा-साडेदहा तास. त्यातला बहुतेक वेळ तो दूर, सुस्त, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण प्रत्येक फेरीत थोडी मिनिटं जवळ येतो, आणि तिथं हवा आहे.

हवा कसली, हवेचा वास आहे म्हणा. इतकी विरळ की आपल्या कामाची नाही. पण तेवढी पुरते. झोका आठवा. लिंबाच्या फांदीला दोर बांधून आपण झोका घेत होतो, तेव्हा खाली येताना पाय जमिनीला घासला तर काय होई? झोका खालून त्याच जागेवरून जाई, पण वर जाणं कमी कमी होई. तस्संच. जवळचं टोक फारसं हलत नाही, दूरचं टोक मात्र फेरीगणिक खाली खाली येतं. छत्तीस हजारांचं वीस हजार होतं, वीसाचं पाच, पाचाचं एक. लांबट वाट आखडत गोल होते. आणि गोल झाली की संपलं, मग सगळी फेरीच हवेतून. शेवटचे दिवस भराभर जातात. चंद्र-सूर्याची ओढही मधे हात घालते, जवळचं टोक थोडं वर-खाली करते, पण मुख्य कथा घासण्याची. वाय-७७चं हे सगळं चौदा महिन्यांत उरकलं.

उपग्रह म्हातारा होतो म्हणजे हे होतं. त्याचं वय साल मोजून कळत नाही, जवळचं टोक किती खोल हवेत बुडतं त्यावर कळतं. पुरावा देतो. रशियाचा पहिला स्पुटनिक ऑक्टोबर १९५७ मध्ये गेला. जवळचं टोक २१५ किलोमीटरला. तीन महिन्यांत, ४ जानेवारी १९५८ला, जळून खाक. अमेरिकेचा पहिला एक्सप्लोरर १९५८च्या सुरुवातीला गेला, जवळचं टोक साडेतीनशेच्या थोडं वर. मार्च १९७० मध्ये पडला. आणि तिसरा एक आहे, त्याचं नाव व्हॅन्गार्ड १. १७ मार्च १९५८ला गेला. जवळचं टोक साडेसहाशे किलोमीटरला, दूरचं चार हजाराच्या जवळ. तो अजून वर आहे.

ह्या म्हाताऱ्यावर माझा जीव आहे, म्हणून थोडा थांबतो. माणसानं बनवलेली आभाळात फिरणारी सर्वांत जुनी वस्तू ती हीच. वजन दीड किलोलाही थोडं कमी. व्यास साडेसोळा सेंटिमीटर. क्रुश्चेव्हनं त्याची फळ म्हणून टिंगल केली होती, आपल्या वरुड-मोर्शीच्या संत्र्यापेक्षा मोठं, पपनसाएवढं. सूर्याच्या उजेडावर वीज करणारा पहिला उपग्रह तोच. त्याच्या पोटात दोन छोटे ट्रान्समीटर होते, १०८ मेगाहर्ट्झच्या आसपास. तुमच्या एफएमचा काटा जिथं संपतो तिथं. (१०८ ऐकून कोणी हात जोडू नका, तो माळेचा आकडा नाही.) बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही महिन्यांतच गेला, उजेडावरचा मात्र १९६४ पर्यंत बोलत राह्यला. मग तोही गप्प.

मी अकोल्यात रेडिओ आणि मोबाईल दुरुस्त करतो. गप्प झालेल्या यंत्राकडं पाहायची आमची नजर वेगळी असते. मेलं म्हणून लगेच फेकत नाही. १९७४ साली हौशी रेडिओवाल्यांचा एक उपग्रह गेला होता, ऑस्कर ७. त्याची वाट जवळजवळ गोल, आपल्या विषयात बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८१ साली बॅटरी शॉर्ट होऊन तो मेला. एकवीस वर्षांनी, २००२ साली, पुन्हा आवाज! शॉर्ट झालेली बॅटरी आतून तुटली, वाट मोकळी झाली आणि उन्हात असला की उजेडावरच तो चालू लागला. हे ऐकलं तेव्हा मी दुकानातल्या टोपलीतले सगळे मेलेले सेट पुन्हा तपासले होते.

तर व्हॅन्गार्ड गप्प आहे. पण गप्प वस्तूचाही माग निघतो. रडारनं निघतो, दुर्बिणीतून निघतो. आणि त्या मागानं काय दिलं पाहा. १९५९ साली जॉन ओ'कीफ, अ‍ॅन एकल्स आणि स्क्वायर्स ह्या तिघांनी त्याच्या वाटेतले बारीक बारीक फरक तपासले आणि दाखवलं की पृथ्वी नुसती चपटी नाही, किंचित नासपतीसारखी आहे. उत्तर ध्रुवाकडं पंधराएक मीटर वर. पपनसाएवढ्या गोळ्यानं पृथ्वीचा आकार सांगितला! त्या काळात माग काढायला बेकर-नन नावाचे मोठे कॅमेरे जगात बारा ठिकाणी बसवले होते, त्यातला एक आपल्या नैनितालला होता. सूर्य तापला की वरची हवा फुगते आणि उपग्रहांना जास्त घासते, हेही असंच कळलं. आधी म्हणत, व्हॅन्गार्ड दोन हजार वर्षं टिकेल. मग सूर्याचा हिशेब धरला आणि आकडा खाली आला, सुमारे २४० वर्षांवर.

ह्या 'मग आकडा खाली आला'कडे लक्ष द्या. माझं भाषण खरं म्हणजे एवढ्याचसाठी आहे.

आभाळात फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूची एक कुंडली असते. दोन ओळींची. प्रत्येक ओळ ६९ घरांची, आकडे आणि मोकळ्या जागा धरून. वाट विषुववृत्ताशी किती अंश कलली आहे, लांबटपणा किती, जवळचं टोक कुठल्या दिशेला, दिवसात फेऱ्या किती, हवेचा ओढा किती, आणि हे सगळं कुठल्या क्षणाचं. व्हॅन्गार्डचा ह्या खतावणीतला क्रमांक ५. पाच! त्याच्या आधीचे सगळे कधीच जळून गेले. ही खतावणी अमेरिकेचं लष्कर ठेवतं, आणि तिचा बराच भाग कोणालाही मोबाईलवर फुकट पाहता येतो. स्वतःचे हेर उपग्रह ते त्यातून वगळतात. ते हौशी लोक गच्चीवर बसून शोधतात आणि त्यांच्या कुंडल्या मांडतात, तो वेगळाच मजेचा भाग.

आता आपल्या घरातली कुंडली घ्या. जन्मवेळ दाईनं सांगितली, भटजीनं घरं मांडली, संपलं. पुढं ती कोणी तपासली? पन्नास वर्षांनी कोणी म्हटलं का, अहो, तुमचा मंगळ लिहिला होता तिथं नाही निघाला, दुरुस्त करून देतो? नाही. माणूस बदलतो, गाव बदलतं, कुंडली तीच. पोरीचं लग्न तिच्यापायी मोडतं, तरी कुंडली तीच. आणि ही दोन ओळींची कुंडली? ती शिळी होते. खालून जाणाऱ्या वस्तूची तर दोन-चार दिवसांत शिळी होते. पुन्हा मोजा, पुन्हा लिहा, तारीख घाला. तिच्यावर तारीख असते, हाच तिचा मोठेपणा.

पंचांगातलं ग्रहण मात्र वेळेवर लागतं, हे मी नाकारत नाही. तिथं गणित आहे, तिथं पूर्वी कोणीतरी रात्री जागून मोजलेलं आहे. माझं भांडण ग्रहणाशी नाही. ग्रहणाच्या खरेपणावर वर्षफलाचा खोटेपणा खपवतात, त्याच्याशी आहे.

आणि हेही सांगतो, कारण आंधळा विश्वास मला ह्या कुंडलीवरही नको. ती पडण्याची जागा सांगू शकत नाही. शेवटच्या दिवसांत वस्तू सेकंदाला पावणेआठ किलोमीटर पळते. एका तासाची चूक म्हणजे अठ्ठावीस हजार किलोमीटरची चूक, अर्ध्या पृथ्वीपेक्षा जास्त. रशियाचं एक यान होतं, कॉसमॉस ४८२. शुक्रावर जायला ३१ मार्च १९७२ला निघालं आणि पृथ्वीच्याच भोवती लांबट वाटेत अडकलं. दूरचं टोक सुरुवातीला साडेनऊ हजार किलोमीटरच्याही वर. त्रेपन्न वर्षं तेच झोक्याचं गणित, टोक खाली येतंय, खाली येतंय. शुक्राची आग सोसायला बांधलेलं, म्हणजे आपल्या हवेत जळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. १० मे २०२५ला पडलं. आदल्या दिवसापर्यंत जगातले भले भले तासांच्या फरकानं वेगवेगळे अंदाज देत होते. रशियानं सांगितलं, जाकार्ताच्या पश्चिमेला हिंदी महासागरात पडलं. पाण्यात पडलं म्हणून गोष्ट मिटली.

तर मग लाडबोरीला काय सांगता आलं असतं? 'तुझ्या शिवारात पडेल' असं नाही. पण आज अमुक तासांच्या दरम्यान, अमुक पट्ट्यावरून एक वस्तू उतरते आहे, जळताना दिसली तर भिऊ नका, वेळ लिहून ठेवा, खाली काही पडलं तर हात लावू नका, टाकीत विषारी इंधन राह्यलेलं असू शकतं, एवढं सांगता आलं असतं. एवढं पुष्कळ होतं. इस्रोनं जुलै २०२२ मध्ये बंगळुरूला आभाळातल्या ह्या वस्तूंवर नजर ठेवायचं एक केंद्र देशाला अर्पण केलं. चांगलं झालं. आता बंगळुरूहून सिंदेवाहीच्या तलाठ्यापर्यंत खबर यायला किती फेऱ्या लागतात, ते पुढच्या वेळेला मोजू.

पट्टा म्हटलं, तर त्याचाही हिशेब ऐका. वस्तूची वाट विषुववृत्ताशी जितके अंश कललेली, तितक्याच अक्षांशापर्यंत ती उत्तरेला जाते आणि तिथून वळते. व्हॅन्गार्डचा कल सव्वाचौतीस अंश. तो दिल्ली ओलांडून थोडा पुढं जातो आणि मागं फिरतो. मॉस्कोच्या डोक्यावरून तो कधीच जात नाही. लंडनच्या नाही. न्यूयॉर्कच्या नाही. अकोला साधारण पावणेएकवीस अंशांवर, अमरावती एकवीसला थोडी कमी. आपल्यावरून जातो. चीनच्या त्या टप्प्यांचा कल साधारण अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतो. बीजिंग चाळीस अंशांवर. म्हणजे ज्या राजधानीत उडवायचा हुकूम निघतो, तिच्या डोक्यावरून हे भंगार जातच नाही! २०२२ साली कॅनडातल्या मायकेल बायर्स आणि त्याच्या सोबत्यांनी जगभरच्या सोडून दिलेल्या रॉकेटांचा हिशेब मांडला. जाकार्ता, ढाका, लागोस ह्यांच्या अक्षांशांवर असं भंगार पडण्याचा संभव न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या अक्षांशांपेक्षा सुमारे तिप्पट निघाला. ह्यात कोणाचा डाव आहे असं मी म्हणत नाही. भूगोल आहे, लंबवर्तुळ आहे. पण मोकळं सोडून द्यायचं की इंधन राखून समुद्रात नेमकं उतरवायचं, हे भूगोल ठरवत नाही. ते पैसा ठरवतो. अन् पैसा वाचवायचा तो कोणाच्या डोक्यावर, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कायदा आहे. १९७२चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो १९७९ साली मान्य केला, चीनही त्यात आहे. ज्या देशानं उडवलं त्यानं जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई द्यायची, चूक सिद्ध करायची गरज नाही. १९७८ साली रशियाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला डेने आणि इन्युइट लोकांच्या मुलखात विखुरला. कॅनडानं बिल लावलं आणि रशियाकडून तीस लाख डॉलर घेतले. १९७९ साली अमेरिकेचं स्कायलॅब पडायच्या वेळी आपल्याकडं काय घबराट होती ते तुमच्या आज्याला विचारा. पडलं ऑस्ट्रेलियात, एस्परन्स गावाकडं. त्या गावच्या नगरपालिकेनं कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेला चारशे डॉलरची दंडाची पावती फाडली! विनोदानं फाडली, पण फाडली. आपल्या एखाद्या ग्रामपंचायतीचं पावतीपुस्तक असं कधी उघडलं तर मला बोलवा, मी अकोल्याहून पेन घेऊन येतो.

पण भरपाई मागायला वस्तू कोणाची ते सांगता आलं पाहिजे. म्हणजे माग काढता आला पाहिजे. गाव म्हणायचं, चोराचा माग शिवेपर्यंत काढून द्या, आणि ते काम गावाबाहेर राहणाऱ्यांकडं होतं, आपल्या आज्या-पणज्यांकडं. मातीवरचं पाऊल पाहून माणूस लंगडा का ओझं घेतलेला ते ते सांगत. ही विद्या होती. तिला विद्या कोणी म्हटलं नाही, हे वेगळं.

"हे आपल्याच्यानं होईल का?" असं शिबिरात काल एका पोरानं मला विचारलं. त्याला इंग्लंडमधल्या केटरिंग गावाच्या शाळेची गोष्ट सांगितली. तिथं जेफ्री पेरी नावाचा फिजिक्सचा मास्तर होता. जुना रेडिओ, घड्याळ आणि वही घेऊन पोरांसोबत रशियन उपग्रहांचे आवाज ऐकायचा आणि वेळा लिहायचा. १९६६ साली एका उपग्रहाच्या वेळा आणि कल जुळेनात. पोरांनी गणित मागं नेलं आणि सांगितलं, हा नेहमीच्या जागेवरून उडालेलाच नाही, रशियात उत्तरेला दुसरा तळ आहे. तो प्लेसेत्स्क. रशियानं हा तळ कबूल केला १९८३ साली! शाळेची पोरं होती. त्यांच्याकडं रडार नव्हतं, वही होती.

आपल्याकडं तर त्यांच्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे. आपल्याकडं अकोलाही आहे आणि अमरावतीही आहे.

हसू नका, हिशेब करा. दोन्ही गावांत हवाई अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. समजा, एक जळती वस्तू अकोल्याच्या बरोब्बर डोक्यावर आहे, एकशेवीस किलोमीटर उंचीवर. त्याच सेकंदाला अमरावतीच्या गच्चीवरचा माणूस ती कुठं पाहील? डोक्यावर नाही. क्षितिजापासून सुमारे पंचावन्न अंशांवर, पश्चिमेला. तीच वस्तू आठशे किलोमीटर उंच असती तर अमरावतीहून चौऱ्याऐंशी अंशांवर दिसली असती, जवळजवळ डोक्यावरच. फरक एकोणतीस अंशांचा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे तीन मुठींचा फरक. तीन मुठी कोणाला मोजता येत नाहीत? दोन गच्च्या, एकच सेकंद आणि एक मूठ, एवढ्यावर आभाळातल्या वस्तूची उंची निघते. आणखी नेमकं पाहिजे तर कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि गवंड्याचा ओळंबा घ्या. आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी ओळंबा आहे. ज्यानं भिंती सरळ उभ्या केल्या, त्यानं आभाळ मोजता येतं.

त्या पाडव्याला मला भेटलेल्या प्रत्येकाकडं मोबाईलमधला व्हिडिओ होता. कोणत्या सेकंदाला कोणत्या ताऱ्याजवळून गेली, हे एकाकडंही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर ती उल्का नाही हे त्याच रात्री आपणच सांगितलं असतं. उल्का सेकंदाला निदान अकरा किलोमीटरनं येते, दोन-चार सेकंदांत खलास. ही मिनिटभर रेंगाळत गेली आणि रांगेनं तुटत गेली. वरून पडणारं भंगार असंच जातं. लोणारचा दगड अशानं पडला नव्हता, तो वेगळा.

व्हॅन्गार्ड नुसत्या डोळ्यानं दिसत नाही, फार लहान आहे. मी त्याला कधी पाह्यलेलं नाही. त्याच्या दोन ओळी उतरवतो आणि आज किती वाजता वऱ्हाडावरून गेला ते वहीत मांडतो. पण जुन्या रॉकेटांचे रिकामे टप्पे दिसतात. सूर्य बुडाल्यावर तासाभरात, खाली अंधार असतो आणि वर अजून ऊन असतं तेव्हा. विमानासारखा लाल-हिरवा दिवा नाही, आवाज नाही, एक ठिपका संथ जातो. म्हातारा टप्पा कोलांट्या खात असतो, म्हणून मंद-तेज, मंद-तेज होतो. दोन तेजांमधले सेकंद मोजले की तो किती वेळात एक कोलांटी खातो त्याचा अंदाज येतो. महिन्यांनी पुन्हा मोजा, बदललेलं दिसेल.

आज संध्याकाळी साडेसातला आपण वरच्या गच्चीवर जाणार आहोत. अकोल्यात जुन्या शहरात माझे दोन सोबती त्याच वेळी त्यांच्या गच्चीवर असतील, त्यातली एक नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, तिची मूठ माझ्यापेक्षा नेमकी आहे. वहीत पाच रकाने आखा: तारीख, वेळ सेकंदासकट, कोणत्या ताऱ्याजवळ, क्षितिजापासून किती मुठी, कोण पाहत होतं. मोबाईलचं घड्याळ एकमेकांशी ताडून घ्या, दिवा लावू नका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं द्या. ढग आले तर रकान्यात 'ढग' लिहा, कोरा सोडू नका. गच्चीला कठडा बुटका आहे, आभाळाकडं पाहत मागं सरकू नका. जिना अरुंद आहे, एकेकानं वर या.